फक्त डावी बाजू

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी या गोष्टीच्या जवळ आले की पटकन दुसरंच काही मागून मोकळी होत असे. आता तुम्हा दोघांना सांगते आहे — तेही लिहून, कारण समोर असतात तर माझी जीभ वळली नसती. तुम्हाला मराठी सावकाश वाचावं लागतं. तेच बरं. सावकाशच वाचा.

मीरा, मागच्या रविवारी तू फोनच्या पडद्यावर मला तुझी वही दाखवलीस. दोन समीकरणं होती, दोन अज्ञात. तुझे एक्स आणि वाय. आमच्या वेळी त्यांना क्ष आणि य म्हणत. तू दुसरं समीकरण दोनाने गुणलं होतंस. डावीकडचं सगळं नीट दुप्पट झालं होतं आणि उजवीकडचा आकडा मात्र तसाच राहिला होता. उत्तर जुळेना म्हणून तू वैतागली होतीस. “आजी, माझं चुकलंय कुठे?” असं तू विचारलंस — आणि मी म्हटलं, “रेंज जातेय गं, नंतर बोलू.”

रेंज जात नव्हती. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन डब्यांवरची लेबलं सरळ करत बसले.

तुम्ही माझ्या लेबलांवरून मला हसता. दोरीवर कपडे घालताना मी चिमटे रंगाप्रमाणे लावते, पत्त्यांचा जोड मोजल्याशिवाय आत ठेवत नाही. ईशान तर एकदा त्याच्या मित्राला सांगत होता की आमची आजी कधी खोटं बोलत नाही, आणि तिच्या हिशेबात कधी चूक होत नाही. दुसरी गोष्ट खरी आहे. चुका माझ्या फार होत नाहीत. जे सांगायचं आहे ती चूक नव्हतीच — म्हणून तर सांगणं इतकं जड जातं.

माझी एक मैत्रीण होती. इंदू.

मालवणच्या वरच्या अंगाला, खाडीच्या काठी आमची वाडी. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच होता. हायस्कूल पलीकडच्या काठावर. होडीतून खाडी ओलांडायची आणि पुढे माडांच्या बागांमधून चालत जायचं. आमच्या वाडीतून हायस्कुलात जाणाऱ्या मुली दोघीच — मी आणि इंदू. होडीत आम्ही एका फळीवर बसायचो. बीजगणिताचं पुस्तकही दोघींत एकच होतं, आणि ते बहुधा माझ्याकडे असे, कारण माझ्याकडे ते फाटत नसे.

माझ्या घरी मी शिकणार हे ठरलेलंच होतं. वडील मुंबईच्या कचेरीत, इंग्रजी वाचणारे. मॅट्रिक झाले की मामांकडे कोल्हापूरला, पुढे कॉलेज. हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल, बिचारीला स्वतःचं काही वाचवायचं असेल. मला काहीही वाचवायचं नव्हतं.

इंदूचं तसं नव्हतं. तिचा बाप गलबतावर खलाशी. पाऊस संपला की जायचा तो उन्हाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढली की परत यायचा. घरात आई, आजी आणि धाकटी भावंडं. बापाला लेक शिकते याचं कौतुक होतं, पण आजीपुढे त्याचं फार चालत नसे. म्हणून त्याने दोघींना पटेल असा तोडगा काढला होता — दर वर्षी पास झाली तर पुढचं वर्ष शाळा. एका जरी विषयात गेली, तर शाळा बंद आणि लग्न. हा तोडगा सगळ्या वाडीला माहीत होता. मला तर पाठच होता.

आणि ती नापास होईल असं कुणाच्या मनातसुद्धा येत नसे. गणितात तर नाहीच. मी वर्गात पहिली येत असे, पण गणितात ती माझ्यापुढे असे. माझी वही बघाल तर देखणी — समास आखलेला, बरोबरची चिन्हं एकाखाली एक. तिची वही म्हणजे कोंबड्या नाचून गेल्यासारखी. पण उत्तर तिचं आधी यायचं. एकदा फळ्यावर मी एका उदाहरणापाशी अडले होते, तेव्हा तिने जागेवरूनच ते सोडवलं. गणिताचे सर खूश झाले आणि सहज बोलून गेले, “इंदूला उदाहरण दिसतं. हिला फक्त रीत दिसते.”

हिला म्हणजे मला.

वर्ग हसला. इंदू नाही हसली. सर तर पुढच्या क्षणी विसरलेही असतील. मी विसरले नाही. मी ते वाक्य घरी नेलं, घासूनपुसून ठेवलं, रोज बघितलं. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वाक्यासाठी? — होय. एवढ्याशाच. मोठं कारण असतं तर मला आज सांगायला किती सोपं गेलं असतं!

त्या वर्षी वार्षिक परीक्षेच्या तोंडावर सरांनी शेवटचा धडा घेतला — दोन अज्ञातांची समीकरणं. क्ष आणि य दोन्ही ठाऊक नसतात. एका समीकरणाने काही कळत नाही, दोन हवीत. मग एकाला अशा आकड्याने गुणायचं की दोन्हींतला एक अज्ञात सारखा होईल. वजाबाकीत तो नाहीसा होतो आणि दुसरा सापडतो. सरांनी बजावलं होतं की पेपरात यावर भर असणार. हा धडा झाला तेव्हा इंदू वर्गात नव्हती. तिला कावळा शिवला होता.

तुम्हाला हे समजावून सांगायला हवं. महिन्याच्या त्या दिवसांत तेव्हा बाईने, मुलीने घरात वावरायचं नसे. कशाला शिवायचं नसे. शाळेचा तर प्रश्नच नव्हता. पुस्तक म्हणजे सरस्वती, तिला हात लावणं म्हणजे घोर पाप. इंदूच्या आजीचं हे फार कडक. मागच्या परड्यात, गोठ्याच्या कडेला माडाच्या चुडतांची एक खोपी होती. तिथे इंदू बसायची आणि नारळाच्या झावळ्यांची झापं विणायची, कारण झापांना विटाळ नसतो.

मी शाळेतून आले की परड्यात जायची. ती खोपीच्या दारात, मी विहिरीच्या बाजूला, मध्ये हातभर अंतर सोडून. पुस्तक मी लांबच ठेवायची. माडाची एक हीर, पात्यातली काडी, घेऊन मातीत लिहायची आणि ती तिथून वाचायची. दर महिन्याला असंच चालायचं. राहिलेला धडा तिला मीच सांगायची आणि तिने कधी दुसऱ्याकडून खातरी करून घेतली नाही. घेणार कुणाकडून? आणि का घेईल?

आता मी फार हळू चालले आहे, हे मला कळतं आहे. बरं. सांगते.

त्या संध्याकाळी मी तिला खोटी रीत शिकवली.

मी सांगितलं की समीकरणाला गुणायचं म्हणजे फक्त डाव्या बाजूला गुणायचं. उजवीकडचा आकडा तसाच ठेवायचा.

तिची बोटं झापावर थांबली. तिने मातीतल्या त्या ओळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“असां कसां गो? एका बाजूक दुप्पट घातलां तर तागडी कलंडतली मां?”

हे लक्षात ठेवा. तिने विचारलं होतं. समीकरण म्हणजे तागडी, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिला दिसत होतं.

आणि मला ती विचारणार हे ठाऊक होतं. म्हणून मी उदाहरण घरून ठरवून नेलं होतं — हे मला सगळ्यांत लाजिरवाणं वाटतं. होडीतून येताना सुचलं, तोंडातून निसटलं, असं नाही. आदल्या संध्याकाळी मी दिव्याची काच पुसून, नीट बसून ते तयार केलं होतं. मातीत मी लिहिलं: २क्ष + य = १०. त्याखाली: क्ष − २य = ०. मग दुसऱ्याला दोनाने गुणलं, फक्त डावीकडे. २क्ष − ४य, आणि उजवीकडे शून्य तसंच. वजाबाकी केली. य आला दोन. क्ष आला चार. म्हटलं, “घाल किमती. बघ पडताळा.”

तिने घातल्या. दोन्ही जुळल्या. जुळणारच — शून्याची दुप्पट शून्यच. तिथे उजवी बाजू गुणली काय, न गुणली काय! मीरा, खोटं बोलणं सोपं असतं. खोट्याचा पडताळा जुळवून देणं, त्याला माझ्यासारखी टापटिपीची मुलगीच लागते.

इंदू कितीतरी वेळ त्या शून्याकडे बघत राहिली.

“आनी थंय शून्य नसलां तर?”

मी तेव्हा थांबू शकले असते. ‘गंमत केली गो’ म्हणून हसले असते तर तिने झावळी फेकून मारली असती आणि सगळं तिथेच संपलं असतं. परड्यात कोंबड्या होत्या, आतून तिच्या आईचा भांड्यांचा आवाज येत होता, तिची आजी मागच्या दारात सुपारी कातरत बसली होती. सगळं रोजच्यासारखं होतं. मी म्हटलं, “तरी तसंच. सरांनी सांगितलंय, उजवीकडचा आकडा दिलेला असतो. त्याला हात लावायचा नाही.”

हात लावायचा नाही. त्या दिवसांत तिला कशालाच हात लावायचा नव्हता. चुलीला नाही, पाण्याला नाही, पुस्तकाला नाही. त्यात आणखी एक. तिने मान हलवली.

दारातून आजी ओरडली, “गो, इटाळात विद्या कित्याक घेतंस? सरस्वती कोपतली!”

“आजयेक सरस्वतीच्या घरची सगळी खबर,” इंदू हळूच मला म्हणाली, आणि आम्ही दोघी तोंडावर पदर धरून हसलो. मीही हसले. ती रीत तिच्या डोक्यात घालून, तिच्याबरोबर हसले.

दुसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा गेले. पुन्हा शून्याचंच उदाहरण नेलं.

परीक्षेच्या दिवशी पहाटे तिने डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनीच होडीत येऊन बसली. पुस्तक माझ्या पिशवीत होतं. तिने मागितलं, मी दिलं नाही — भिजेल म्हटलं.

पेपरात सरांनी सांगितल्याप्रमाणे भर त्याच धड्यावर होता. मी लवकर सोडवून बसले. ती माझ्या पुढच्या बाकावर तिरकी बसली होती, तिचा हात मला दिसत होता. ती लिहायची, पडताळा घ्यायची. जुळायचा नाही. सगळं खोडायची. पुन्हा पहिल्यापासून गुणाकार, पुन्हा वजाबाकी — पुन्हा तेच. तिला वाटत असणार आपला गुणाकार चुकतोय. रीत चुकेल कशी? रीत सरांची होती, आणि मी आणलेली होती. सोपी म्हणून मागे ठेवलेली उदाहरणं तिची तशीच राहिली. एकदा तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून दाखवला, हसत — माझं आज काय झालंय, अशा अर्थाने. मी खाली बघितलं. समास पुन्हा एकदा आखला.

ती बीजगणितात गेली. बाकी सगळ्या विषयांत बरे गुण होते. त्यांचा उपयोग नव्हता.

निकालाच्या दिवशी सरांनी तिला थांबवून घेतलं. मी शेजारीच उभी होते. त्यांच्या हातात तिचा पेपर होता आणि ते रागावलेले नव्हते, गोंधळले होते. “अगं, सगळीकडे फक्त डावीच बाजू गुणली आहेस तू. एकदा नाही, प्रत्येक ठिकाणी. हे तुला शिकवलं कुणी?”

ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं.

ती सरांच्या टेबलाकडे बघत होती. “कोणी नाही सर. माझंच चुकलं.”

का म्हणाली ती तसं? खरं सांगायचं तर मातीतल्या त्या धड्याबद्दल बोलावं लागलं असतं, आणि शाळा बुडवून आपण खोपीत का होतो हे पुरुषमाणसासमोर बोलण्याची सोय तेव्हा कुठल्याच मुलीला नव्हती. तेवढंच असेल. की आपल्याच ऐकण्यात चूक झाली असं तिला वाटलं? की — पण ते पुढे येईल.

मी काय केलं? काही नाही. सर समोर होते, पेपर समोर होता. “सर, मी सांगितलं तिला,” एवढं वाक्य. सर चांगले होते. त्यांनी काहीतरी केलं असतं, निदान तिच्या बापाला जाऊन भेटले असते. मी माझं प्रगतिपुस्तक छातीशी धरून उभी राहिले. त्यात मी पहिली होते.

परतताना होडीत तीच माझी समजूत घालायला लागली.

“तू वायट वाटून घेव नको गो. तू बरां शिकवलंस. माझां डोक्यांच मडक्यां.” मग पाण्याकडे बघत म्हणाली, “आजी म्हणता तां खरां आसतलां. इटाळात विद्या घेवक नको होती. सरस्वती कोपली.”

ज्या गोष्टीवर आम्ही पदरात तोंड लपवून हसलो होतो, तीच. आता तिला ती खरी वाटायला लागली होती. आणि मी म्हटलं — “असेल.”

एवढाच शब्द. माझं पाप मी देवीच्या पदरात टाकलं आणि मोकळी झाले. पहिलं खोटं मी मत्सराने बोलले, त्याला निदान धग होती. हे दुसरं थंड डोक्याने होतं. मला विचाराल तर हेच अधिक वाईट.

गलबतं किनाऱ्याला लागली. बाप आला. त्याने निकाल ऐकला आणि तो वरच्या आवाजात काही बोललाही नाही, असं माझ्या आईने मला सांगितलं. नुसता ओट्यावर बसून राहिला. तोडगा त्याचाच होता. मिरगाच्या आत लग्न उरकलं. कसालच्या बाजूला, वरच्या गावात दिली — भातशेती, काजूची बाग, खाऊनपिऊन सुखी घर. लग्नात तिच्या केसांत अबोलीचा वळेसर मी माळला. समुद्र दिसणार नाही म्हणून ती रडली. शाळेबद्दल काही बोलली नाही.

मी मॅट्रिक झाले, कोल्हापूरला गेले, बी.ए., बी.टी. केलं. इंग्रजी कविता पाठ केल्या. तुम्हाला आवडते ती तुमची आजी तिथे तयार झाली. लग्नानंतर कसालच्या बाजूच्याच एका हायस्कुलात मी नोकरीला लागले. घेतलं होतं इंग्रजीसाठी, पण बीजगणिताला माणूस नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, तुमची पद्धत नीटनेटकी आहे, तुम्हीच घ्या. दर वर्षी तो धडा यायचा. दर वर्षी मी फळ्यावर लिहायची, ‘दोन्ही बाजूंना’, आणि खाली रेघ मारायची.

मग कसालच्या बाजारात इंदू भेटली. हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी, अंगाने भरलेली, हसरी. बरोबर एक लांब वेणीची मुलगी. भर बाजारात तिने माझा हात धरला आणि भाजीवालीलाच सांगायला लागली, “ही माझी मैतरीण! शाळेत पयलो नंबर हिचो. आमी एका होडयेत जावचों.” मग त्या मुलीला पुढे ढकललं. “ही माझी नणंद, शेवंती. तुझ्याच शाळेत घातलंय. हिका त्या क्ष आनी य चां भय वाटता. माका इचारता! माझां काय, माका डोक्यां नाय. तू शिकव गो तिका.”

शेवंतीला शिकवायचं तिच्या सासरच्यांच्या मनात नव्हतं, हे मला मागाहून कळलं. इंदूने भांडून तिला शाळेत ठेवली होती.

रविवारी दोघी आल्या. शेवंती माझ्यासमोर पाटी घेऊन बसली. इंदू आमच्याकडे पाठ करून पडवीच्या पायरीवर, हाताला खोबरेल चोळून ओले काजू सोलत बसली. येताना टोपलीभर घेऊनच आली होती. मी धडा सुरू केला. त्या ओळीपाशी आले. माझा आवाज खाली गेला — मला कळत होतं की जातोय.

“दोन्ही बाजूंना गुणायचं,” मी म्हटलं. “डावीकडे आणि उजवीकडेसुद्धा.”

“उजवीकडे कित्याक, बाई?” शेवंतीने विचारलं.

मी उत्तर देणार, तोच पायरीवरून इंदू म्हणाली. वळली नाही. “नायतर तागडी कलंडतली, म्हणान.”

सुरीचा आवाज थांबला होता.

शेवंती मान हलवून लिहायला लागली. मी इंदूच्या पाठीकडे बघत होते. आता बोल, मी स्वतःला म्हणत होते. आता तरी. तिच्या शेजारी पायरीवर जाऊन बस आणि सांग. मुलगी ऐकेल? ऐकू दे. मी खडू उचलला आणि पाटीवर पुढचं उदाहरण घातलं. मागे सुरीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

निघताना तिने सोललेले गर माझ्यापुढे केळीच्या पानावर ठेवले. “उसळ कर. घोवाक आवडतली.” घोवाक म्हणजे तुमच्या आजोबांना. शेवंती पुढे गेली. इंदू पायरीवर घुटमळली, चप्पल शोधत असल्यासारखी. मग मला म्हणाली, अगदी सहज — जसं एखादी दुसरीला आमटीत मीठ किती ते सांगते —

“तिका पयलांच शून्याचां उदाहरण दी नको हां.”

मी म्हटलं, “बरं.”

ती गेली.

तिला कधी कळलं होतं? त्या दिवशी पायरीवर, पाठमोरी असताना? की परीक्षेतच, खोडता खोडता? की होडीत, माझी समजूत घालताना तिला ठाऊक होतं? आणि ठाऊक होतं तर भर बाजारात माझा हात का धरला तिने? एका समीकरणातून दोन अज्ञात निघत नाहीत, हे मी जन्मभर मुलांना शिकवलं. दुसरं समीकरण इंदूजवळ होतं. विचारायला दोन मैल चालायचं होतं. मी कधी चालले नाही. शेवंतीचं शिकणं संपेपर्यंत इंदू येत राहिली, काजू, कोकमं, तांदूळ आणत राहिली, आणि दर वेळी मी तिला चहा दिला, लेकराबाळांचं विचारलं. शेवंती पास झाली तेव्हा इंदू माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वाकू दिलं.

तुमची आई लहान असताना आम्ही बदली होऊन लांब आलो. इंदूची खबर येत राहिली, मग येईनाशी झाली. ती गेल्याचं कळलं तेव्हा मी त्या घरी जाऊन आले. खळ्यात तिचा नातू भेटला, शहाणा मुलगा, इंजिनिअर झालेला. मी तिची शाळेतली मैत्रीण असं सांगितल्यावर फार आनंदला. म्हणाला, “आजी तुमचं नाव नेहमी घ्यायची. म्हणायची, तिने मला शिकवायचा फार प्रयत्न केला, पण मला गणितात गतीच नव्हती.”

म्हणजे ती हे सांगत राहिली होती. कळल्यानंतरसुद्धा. आपल्या नातवंडांनासुद्धा.

मी त्याला म्हटलं, “हो का?” आणि चहा प्यायले.

मीरा, तुझं चुकलंय कुठे ते सांगायचं राहिलं. तू उजवी बाजू गुणायला विसरलीस, एवढंच. तुझ्या हातून ती राहिली. इंदूच्या हातून राहिली नव्हती. पेपरात तिने सगळीकडे फक्त डावी बाजू गुणली, कारण तिला तशी मी शिकवली होती. तिच्या लेखी समीकरण म्हणजे तागडी.

इंदूला गणित येत होतं.